डॅशबोर्डमागची खळखळ: गाडीच्या कूलिंगचे आवाज कसे ऐकायचे

(हा ऑडिओ भागाचा लिखित मजकूर आहे. ऑडिओत मी तोंडानं काढलेले आवाज इथे अक्षरांत लिहिलेत. वाचताना हसू आलं तर हसा.)

नागपूरहून बोलतेय. दुपारचे तीन वाजलेत, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून मी खोलीतला कूलर बंद केलाय. म्हणजे आजचा भाग लांबला तर त्याची शिक्षा मलाच आहे.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. हिंगणा रोडला राहतो, नवी नोकरी, पहिलीच गाडी, तीही सेकंड हँड. तो म्हणतो, "ताई, सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून माठातून पाणी ओतल्यासारखा आवाज येतो. दहा सेकंदांत बंद होतो. मिस्त्री म्हणतो काही नाही. शनिवारी आईबाबांना घेऊन शेगावला जायचंय. जाऊ का?"

मी त्याला लगेच लिहिलं: रेडिएटर थंड असताना उघडून पाहिल्याशिवाय शहराबाहेर जाऊ नकोस. कारण हा आवाज मी ओळखते. या आवाजानं मला अठरा हजाराला बुडवलंय, आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे माझ्या आजीला मे महिन्यात भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसवलंय. ती गोष्ट आधी सांगते.

गाडी बाबांची. पेट्रोल हॅचबॅक, तेव्हा नऊ वर्षं झालेली. एप्रिलच्या शेवटी सकाळी सुरू केली की डॅशबोर्डमागे आवाज यायला लागला. खळखळखळ... गुळ्ळ... आणि शांत. बाबांना सांगितलं. बाबांनी बोनेट उघडून प्लॅस्टिकची बाटली पाहिली, कूलंटची जी असते ती. पाणी बरोबर 'मॅक्स'च्या रेघेला. "भरलेली आहे की. एसीचं पाणी असेल," म्हणाले. मीपण विषय सोडला आणि गाणी जरा मोठ्यानं लावली.

घरात एकच माणूस होतं ज्यानं नेमकं सांगितलं. आजी. तिला दवाखान्यात नेत होते, ती मागच्या सीटवर. गाडी सुरू केली आणि ती म्हणाली, "काहून वं, या गाडीतलं पाणी सरलं का? कूलर कोरडा पडल्यावानी वाजून राहिली." आम्ही दोघंही हसलो. आजीनं आयुष्यात गाडी चालवली नाही. पण नागपुरातल्या कुठल्याही आजीला विचारा, रात्री दोन वाजता झोपेतसुद्धा तिला कळतं की टाकीतलं पाणी खाली गेलंय आणि पंप हवा ओढतोय. भरलेल्या टाकीतला पंप मऊ वाजतो. पाणी उतरलं की गुळगुळ, मग घर्रर्र, मग जळका वास. आपण सगळेच हे ऐकत मोठे झालोय. मोटारीत बसलं की मात्र विसरतो.

तीन आठवड्यांनी आम्ही अमरावतीला निघालो. मावशीकडे कार्यक्रम. मी चालवत होते, बाजूला बाबा, मागे आजी आणि धाकटा भाऊ. बाजारगाव गेलं, कोंढाळी गेलं, गाडी मस्त. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात दोन ट्रकांच्या मागे अडकलो, दुसऱ्या गिअरमध्ये. एसीची हवा आधी कोमट झाली. मग टेम्परेचरचा काटा वर सरकला. मी म्हणणार, "बाबा, बघा ना," तोच काटा सरसर खाली आला. अगदी खाली. मला बरं वाटलं! म्हटलं, झाली थंड. पुढे चार-पाच किलोमीटर मी त्या भ्रमात गाडी चालवली. मग बोनेटमधून वाफ.

इथे थोडं थांबते, कारण हा काटा खाली येण्याचा प्रकार समजून घ्या. ३० मे २०२४ ची बातमी आठवते? नागपुरात ५६ अंश! सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरली. हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्रानं तो आकडा दाखवला होता. शहरातल्या दुसऱ्या काही केंद्रांवर पारा बराच खाली होता, आणि नंतर खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. (नागपूरचा खरा विक्रम ४७.९ अंशांचा आहे, २३ मे २०१३. तोही काही कमी नाही.) सेन्सर आपण कशात बुडालोय हे सांगत नाही, फक्त आकडा सांगतो. गाडीतला टेम्परेचर सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असावा लागतो. कूलंटच निघून गेलं तर तो हवेत लटकतो, आणि इंजिन आत भाजत असताना काटा 'थंड' दाखवू शकतो. म्हणून काटा वर जाऊन अचानक खाली पडला, तर ती आनंदाची बातमी समजू नका. आणि आता तर कितीतरी गाड्यांत काटाच नाही. निळा दिवा म्हणजे थंड, लाल दिवा म्हणजे उशीर झाला. मधलं काही कळतच नाही. अशा गाडीत कानाशिवाय तुमच्याकडे आहे काय?

तर वाफ. मी गाडी एका ढाब्याजवळ कडेला घेतली, बंद केली. ढाब्यावरचा एक मुलगा मदतीला धावला, ओला फडका घेऊन थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला. मागून एक ट्रक ड्रायव्हर ओरडला, "हात नको लावू बे पोट्ट्या, तोंड भाजून जाईन तुहं!" आणि त्याचा हात धरून बाजूला ओढला. त्या ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहिलं, याची मला आजही खंत आहे.

झाकण का उघडायचं नाही, तर घरचा कुकर आठवा. पाणी १०० अंशाला उकळतं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर, म्हणून इथे त्याहून किंचित आधीच. पण कुकरमध्ये दाब असतो, म्हणून आतलं पाणी १०० च्या वर जाऊनही पाणीच राहतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे तीच शिट्टी. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो दाबाचा, बारमध्ये. साधारण एक बार जादा दाब असला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. आता ११५ अंशांच्या पाण्यावरचं झाकण तुम्ही उघडलं. दाब गेला. ते सगळं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि वाफ होऊन तुमच्या चेहऱ्यावर येतं. वाफ ओसरलेली दिसली तरी आतला दाब गेलेला नसतो. म्हणून निदान पाऊण तास हात लावायचा नाही. वरचा जाड होस पाइप आधी जवळून हातानं जाणवून घ्या, गरम नसेल तर दाबून पाहा. गार आणि मऊ लागला तरच फडका ठेवून हळू, थांबत थांबत फिरवायचं. आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही. तवा तडकतो तसं हेड तडकू शकतं.

आम्ही पाऊण तास थांबलो. आजी लिंबाखाली खाटेवर. बाहेर ४४ अंश. तिला दोन वेळा ओआरएस दिलं, तरी ती हळूहळू गप्प होत गेली, आणि ती गप्प होणारी बाई नाही. त्या पाऊण तासात मला जे वाटलं ते मी इथे बोलणार नाही. शेवटी मावसभावानं दुसरी गाडी आणली, आजीला नेलं. ती ठीक झाली, संध्याकाळी मावशीच्या घरी वरण-भात जेवली.

गाडी टो करून नागपूरला आणली. आमचे मिस्त्री वयस्कर आहेत, कमी बोलतात. त्यांनी सगळं उघडून पाहिलं, माझं तीन आठवड्यांचं पुराण ऐकलं आणि म्हणाले, "ताई, गाडी तीन हप्ते बोलून राहिली होती. तुम्ही गाणे ऐकून राहिले होते."

मूळ बिघाड काय निघाला? झाकण. रेडिएटरची कॅप. काही शे रुपयांची वस्तू. तिचं रबर कडक होऊन तडकलं होतं.

आता हे नीट ऐका, कारण बाबांची फसगत इथेच झाली. त्या कॅपमध्ये दोन झडपा असतात. गाडी तापली, कूलंट फुगलं, की एक झडप जादा कूलंट बाटलीत सोडते. गाडी थंड झाली, कूलंट आक्रसलं, की दुसरी झडप बाटलीतलं परत ओढून घेते. आमच्या कॅपचं रबर गेलेलं. ती गरम असताना वाफ बाहेर सोडायची, आणि थंड होताना बाटलीतलं कूलंट ओढायच्या ऐवजी कडेनं हवा ओढायची. रोज थोडं कूलंट कमी, रोज थोडी हवा जास्त. आणि बाटली? बाटली भरलेलीच! कारण तिच्यातलं कोणी परत घेतच नव्हतं. ज्या गाडीत कॅप रेडिएटरवर असते आणि बाटली साध्या झाकणाची असते, तिथे बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं होऊ शकतं. म्हणून थंड गाडीत, सकाळी, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघायचं. पाणी गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नाही आणि बाटलीच जाड, स्क्रूच्या झाकणाची, दाबाची असते, तिथे बाटलीची पातळी खरी.

मग डॅशबोर्डमागेच आवाज का? कारण तिथे आणखी एक छोटा रेडिएटर असतो, हीटरचा. नागपुरात हीटर कोण लावतं म्हणा, पण तो असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो उंचावर असतो. हवा वर जाते, रात्रभरात तिथे जमते. सकाळी इंजिन सुरू झालं की वॉटर पंप कूलंट ढकलतो, हवेचे बुडबुडे त्या बारीक नळ्यांतून जातात. खळखळ, गुळ्ळ. दहा सेकंदांत हवा दुसरीकडे सरकते आणि आवाज बंद. त्रास मिटला असं आपल्याला वाटतं. हिंगणा रोडवाल्या भावा, तुझा आवाज हाच आहे.

एक बाजू सांगायला हवी: कूलंट नुकतंच बदललं असेल तर दोन-चार दिवस अशी खळखळ येऊ शकते, कारण भरताना हवा आत राहते. ती काढायची असते. गाडीचं नाक थोडं उंच ठेवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थंड असताना झाकण उघडून इंजिन सुरू करायचं, थर्मोस्टॅट उघडून पंखा एकदा-दोनदा फिरेपर्यंत बुडबुडे निघू द्यायचे, पातळी भरत राहायचं. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो. हे मिस्त्रीसमोर उभं राहून करून घ्या. घाईच्या दिवशी पाणी ओतून, झाकण लावून "झालं भाऊ" म्हणतात, तेव्हा ही पायरी गळते. पण भरून आठवडा झाला, तरी खळखळ आहे किंवा गेलेली परत आली, तर हवा कुठून तरी आत येतेय. कॅप, होस पाइपची क्लिप, पंपाचं सील. किंवा, देव न करो, हेड गॅस्केट.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यातली चपटी पट्टी. गाडी जास्त तापली की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, पट्टी सुटते, आणि सिलिंडरमधला जळका गॅस थेट कूलंटमध्ये शिरतो. तेव्हाचा आवाज वेगळा: इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडुक, बुडुक, बुडुक, थांबतच नाही. थंड गाडी सुरू करून एक-दोन मिनिटांत वरचा होस दगडासारखा कडक होतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर, त्याला गोडसर वास. यातलं काही दिसलं तर गाडी तिथेच ठेवा. मिस्त्रीकडे एक निळ्या द्रवाची टेस्ट असते, कूलंटमधल्या हवेत जळका गॅस असला की पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. हेड उघडायच्या आधी ती करून घ्यायला सांगा. आमच्या गाडीत त्या चार-पाच किलोमीटरांनी हेच झालं. हेड उतरवलं, लेथवर फेसिंग केलं, नवी गॅस्केट, नवं ऑइल, नवं कूलंट. अठरा हजार. आणि नवी कॅप, जी आधी घेतली असती तर हा भागच झाला नसता.

आता दुसरा आवाज, आणि माझ्या मते नागपूरसाठी सगळ्यात महत्त्वाचा. तो म्हणजे न येणारा आवाज. पंख्याचा.

हायवेवर गाडी पळते तेव्हा रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. व्हेरायटी चौकात लाल सिग्नलला उभी असते तेव्हा फक्त बोनेटखालचा पंखा असतो. हल्ली उन्हाळ्यात सिग्नलला हिरव्या जाळ्या बांधतात, दुचाकीवाल्यांना सावली मिळते, चांगलं आहे. इंजिनाला मात्र सावलीचा उपयोग नाही, त्याला वारा लागतो. तर घरी गाडी उभी असताना एसी लावा आणि कान द्या. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात हूंऽऽऽ असा पंखा सुरू होतो. आलाच नाही, तर फ्यूज, रिले किंवा पंख्याची मोटर यातलं काहीतरी गेलंय. आणखी सोपी खूण: सिग्नलला उभं असताना एसी कोमट होतो आणि गाडी पळाली की परत गार. लोक लगेच गॅस भरायला धावतात. आधी पंखा बघा. घाटात ट्रकांच्या मागे माझा एसी कोमट झाला होता, आठवतं? आमचा पंखा चालू होता, प्रकरण वेगळं होतं, पण कोमट एसी हा निरोप असतो एवढं मी तिथे शिकले.

पंखा आवाज करत असेल तर तेही ऐका. खर्रर्र म्हणजे बेअरिंग. टकटकटक ठराविक तालात म्हणजे पातं तुटलंय किंवा कडेच्या प्लॅस्टिकला घासतंय, कधी आत पालापाचोळा, कधी उंदरानं आणलेलं काहीतरी. जुन्या डिझेल जीपगाड्यांत पंखा इंजिनालाच जोडलेला असतो, तो तापला की विमानासारखा घोंघावतो. थोडा वेळ घोंघावणं बरोबर आहे. कायमच घोंघावत असेल तर मधली कपलिंग अडकली आहे.

आता पंप आणि बेल्ट, कारण यात सगळे गोंधळतात. दोन्ही इंजिनाच्या एकाच बाजूनं वाजतात, ॲक्सिलरेटर दिला की दोन्ही वाढतात. बेल्टचा आवाज रबराचा: चीं-चीं-चीं, किंवा एसी लावताच लांबलचक चींऽऽऽ. पंपाच्या बेअरिंगचा आवाज लोखंडाचा: घर्रर्र, जात्यासारखा. फरक करायला आमचे मिस्त्री बेल्टवर स्प्रेच्या बाटलीनं थोडंसं पाणी मारतात. चीं-चीं क्षणभर थांबून परत आली तर पुली रेषेत नाही. पाणी मारताच आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे संशय. हे तुम्ही स्वतः करू नका, निदान पहिल्यांदा तरी नाही. चालत्या बेल्टजवळ ओढणी, मोकळे केस, हातातलं कडं, काहीच नको. आणि इंजिन बंद असलं तरी बऱ्याच गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो, म्हणून त्याच्यात बोटं घालायची नाहीत.

पंप जायला लागला की त्याच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून कूलंट पाझरतं आणि वाळून पांढरा-हिरवा किंवा गुलाबी डाग पडतो. आवाज आणि डाग दोन्ही असतील तर वाट बघू नका. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे पंप जाम झाला तर तो टायमिंग बेल्टला घेऊन जातो, आणि मग बिलात एक शून्य वाढतं.

काही आवाज निरुपद्रवी असतात, उगाच घाबरू नका. बंद केलेल्या गाडीतून टिक, टिक, टिक येतं, ते धातू थंड होताना आक्रसल्याचं. बंद केल्यावर पंखा मिनिटभर फिरतो, तेही ठीक. एसीचं पाणी खाली ठिबकतं, ते साधं पाणी असतं, ना रंग, ना वास, ना चिकटपणा. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावल्यावर घूंऽऽ येतो, तो बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंपाचा आणि पंख्याचा. पण बंद केल्यावर बाटलीत उकळल्यासारखी खदखद ऐकू आली, तर ते निरुपद्रवी नाही. पुन्हा कॅपपासून तपासा. आणि सूंऽऽ, स्स्स्, म्हणजे बारीक छिद्रातून वाफ. होसच्या टोकाला पांढरा माग शोधा, तिथेच असतं.

आता पाण्याबद्दल, कारण आपल्याकडे निम्मं दुखणं तिथून येतं. तुमच्या कूलरच्या ताट्या मे संपेपर्यंत पांढऱ्या आणि कडक होतात ना? पंपाच्या जाळीवर तो चुन्यासारखा थर? ते बोअरच्या पाण्यातले क्षार. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की तोच थर आत, अरुंद वाटांमध्ये बसतो. ताटी वर्षाला बदलता येते, रेडिएटर तसा नाही. थर बसला की इंजिनाच्या आत एखाद्या जागी कूलंट थांबून उकळतं आणि किटलीसारखा कट्-कट् आवाज येतो. तेव्हा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, किंवा तयार मिसळलेलं कूलंट. "इथे बर्फ पडते का भाऊ, कूलंट कायले पाहिजे?" असं म्हणणारे भेटतील. कूलंटचं काम फक्त गोठू न देणं नाही. ते उकळायचा अंश वर नेतं, गंज रोखतं, पंपाचं सील टिकवतं. वाटेत अडकलात तर, गाडी थंड झाल्यावर, कुठलंही स्वच्छ पाणी घाला आणि घरी या. नंतर सगळं काढून धुऊन नवीन भरा. रंगावर जाऊ नका, हिरवं-गुलाबी हे कंपनीगणिक बदलतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेच घ्या. आणि काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरी पितात आणि मरतात.

दोन देशी उपायांबद्दल विचारणारे हमखास असतात. एक हळद. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकली की छिद्र बुजतं, हे खरं आहे. पण ती फक्त छिद्रच बुजवते असं नाही, हीटरच्या नळ्याही बुजवते. जंगलात अडकलात तर ठीक. दुसरा, थर्मोस्टॅट काढून टाकणं. "नागपूरच्या उन्हात थर्मोस्टॅटचं काय काम?" मला तीन जणांनी सांगितलंय. आजच्या गाडीचा कॉम्प्युटर इंजिन गरम व्हायची वाट बघतो. ते झालंच नाही तर तो जास्त पेट्रोल टाकत राहतो. शिवाय थर्मोस्टॅट काढल्यानं खरा बिघाड दिसेनासा होतो. मी तरी काढू देणार नाही.

तापल्याचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला आणि लगेच थांबायला जागा नाही, समजा फ्लायओव्हरवर आहात, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, खिडक्या उघड्या. हो, मे महिन्यात. हीटर म्हणजे दुसरा रेडिएटर, तो इंजिनाची थोडी उष्णता तुमच्या तोंडावर फेकतो. तेवढ्यात सुरक्षित जागा गाठा आणि बंद करा. समृद्धीवर असाल तर हे जास्तच लक्षात ठेवा, तिथे तासाला १२० च्या वेगानं गाड्या येतात. गाडीत बसून राहू नका, कठड्याच्या पलीकडे उभे राहा, आणि पाणी नेहमी माणसांपुरतं वेगळं, गाडीपुरतं वेगळं ठेवा.

शेवटचं, फोन. मिस्त्रीकडे गेलं की आवाज हमखास गायब होतो. म्हणून रेकॉर्ड करा. सकाळी गाडी सुरू करण्याच्या आधी रेकॉर्डिंग चालू करा, कारण पहिले दहा सेकंदच कामाचे असतात. एकदा आतून, डॅशबोर्ड दिसेल असं, म्हणजे आरपीएम पण कळतो. एकदा बाहेरून, बोनेट उघडून, हातभर लांबून. फोन इंजिनावर ठेवायचा नाही, पंख्यात गेला तर माझ्यावर यायचं नाही. सोबत तीन गोष्टी बोला: गाडी थंड आहे की गरम, ॲक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढतो की नाही, एसी चालू-बंद केल्यावर काय होतं. आमच्या मिस्त्रींना मी आता असंच पाठवते. ते बहुतेक वेळा एका शब्दात उत्तर देतात. परवा उत्तर आलं, "बेल्ट." कारण सध्या आमची गाडी सकाळी चीं-चीं करतेय.

हिंगणा रोडवाल्याचं काय झालं ते राहिलंच. त्यानं रविवारी सकाळी थंड रेडिएटर उघडला आणि फोटो पाठवला. बाटली 'मॅक्स'ला भरलेली, आणि रेडिएटरमध्ये वरून पाणी दिसतच नव्हतं. झाकणाचं रबर दोन ठिकाणी चिरलेलं. नवीन कॅप, नवीन कूलंट, हवा काढून घेतली. तो पुढच्या शनिवारी शेगावला जातोय, आणि मी त्याला वाटेत एकदा थांबून होस बघायला सांगितलंय.

तुमच्याकडे असा आवाज असेल तर पाठवा, मी मिस्त्रींना ऐकवते. कूलर लावते आता. आतून आजी ओरडून राहिली की टाकी कोरडी आहे.